सकाळी सात दहाचा फोटो

"पाचव्या डब्यावरचा पोपट खिडकीकडे बघत होता," दारातून आवाज आला.

संध्याकाळचे सहा वाजले होते, शूटिंगचा दुसरा दिवस. मी अनंत शेट्यांच्या खोलीत फरशीवर बसून त्यांचे डबे परत जागच्या जागी लावत होते. चित्रं छापलेले पत्र्याचे एकेचाळीस डबे, सगळ्यांत गवताचं बी.

"नाही अण्णा, भिंतीकडे होता. मी लिहून ठेवलंय."

"खिडकीकडे."

आवाजात राग नव्हता. रेल्वे स्टेशनवर गाडी कुठली ते सांगतात तसा आवाज. मी जरा तोऱ्यातच फाईल आणली, सकाळी काढलेला फोटो शोधला. पोपट खिडकीकडे बघत होता. माझ्या वहीत भिंत होती.

अण्णांनी फोटो कडांना धरून हातात घेतला. आधी खोली, मग फोटो, मग पुन्हा खोली. "फोटो बरोबर आहे," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी फोटोबाई झाले.

सिनेमात माझं काम कंटिन्यूटीचं. सोमवारी नटाने चहाचा कप डाव्या हातात धरला असेल, तर गुरुवारी पुढचा शॉट घेताना तो डाव्याच हातात हवा, चहाही तेवढाच हवा. हे लक्षात ठेवायला एक बाई नेमतात आणि तिच्याशी सगळे जरा जपून वागतात. अठरा वर्षं मी दुसऱ्यांच्या हातांकडे, पदरांकडे, भुवयांकडे बघत आले. आमचे दिग्दर्शक पराग सबनीस खोटं बोलण्याआधी चष्मा पुसतात, हेही माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात आलं होतं. त्याला रकाना नव्हता, म्हणून समासात.

सिनेमा अण्णांच्याच आयुष्यावर होता. देवरुखच्या पुढे सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, त्यांचं गाव. शाळेत प्रयोगशाळेचे मदतनीस म्हणून नोकरी, आणि बाकीचा जन्म गवतात. तीनशेच्या वर गवतं ते नुसतं बोटांनी चाचपून सांगत. एक जात तर त्यांनीच पहिल्यांदा शोधली. पुण्याच्या प्राध्यापकांनी तिला त्यांचं नाव दिलं. स्वमग्न हा शब्द त्यांना लागला तो वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, आणि त्यानंतर पेपरवाले आले, काही वर्षांनी आम्ही.

"एक्कावन्न वर्षं आम्ही याला नुसतं अनंता म्हणत होतो," त्यांची बहीण कुमुदबाई मला म्हणाली होती. "काही अडलं नाही."

कुमुदबाई अडुसष्ट वर्षांची, निवृत्त शिक्षिका, लग्न केलेलं नाही. घर शूटिंगला दिलं ते एकाच अटीवर. अनंता सकाळी सातला सड्यावर जातो, सहाला येतो. तेवढ्या वेळात त्याच्या खोलीत काय हवा तो धुडगूस घाला. सहा वाजता खोली सकाळी होती तशी हवी.

"आणि नसली तर?" सबनीसांनी विचारलं होतं.

"तशी वेळ मी येऊ दिलेली नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हीही देऊ नका."

ते काम माझ्या गळ्यात आलं. अण्णा बाहेर पडले की सात दहाला मी खोलीचे फोटो काढायचे. छोट्या प्रिंटरवर लगेच छापून फाईलमध्ये लावायचे. फोटोच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ. संध्याकाळी फोटो बघून एकेक वस्तू परत लावायची. डबे, खाट, खुंटीवरची पिशवी, आणि भिंतीकडेला वर्तमानपत्रांच्या सात गड्ड्या. कागदांच्या घडीत गवत वाळत असे आणि प्रत्येक गड्डीवर जांभ्याचा एकेक दगड. मला सातही दगड सारखे दिसत. त्यांना दिसत नव्हते.

पहिल्या दिवशी अण्णांनी खोली तपासली ती चाळीस मिनिटं. स्टॉपवॉच माझ्या गळ्यातच असतं, सवयीने दाबलं गेलं. दुसऱ्या दिवशी पोपट होता तरी सव्वीस. चौथ्या दिवशी बारा. मध्येमध्ये काही शंका आली तर ते म्हणायचे, "फोटो." मी फाईल उघडायची. दर वेळी फोटो त्यांच्या बाजूने निघायचा. नवव्या दिवशी दोन मिनिटं. अकराव्या दिवशी ते आले, पाय धुतले, आत गेले आणि कशाकडेही न बघता कामाला बसले.

कुमुदबाई पडवीत शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

"त्याने बघितलं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आईनंतर त्याने मला हे करू दिलं. त्याला सात वर्षं लागली." पुन्हा शेंगा सोलत म्हणाल्या, "अगं, मी सिनेमाला हो का म्हटलं माहीत आहे? पुतणे आहेत, चांगले आहेत, पण त्यांना हा कळत नाही. मी गेल्यावर याला कसं ठेवायचं, ते लोकांनी पडद्यावर तरी बघावं. दुसरं काय ठेवून जाणार मी."

मी म्हटलं, बघतील की. समासात काही लिहिलं नाही.

खरी अडचण पडद्यावरच होती. अण्णांचं काम करणारा विश्वेश गुणी मुलगा. त्याने तीन महिने अभ्यास केला होता, म्हणजे अशा विषयावरचे मिळतील ते सिनेमे पाहिले होते. त्यातून त्याने मान तिरकी ठेवणं उचललं, छताकडे बघणं उचललं आणि उजव्या हाताची बोटं कानाजवळ फडफडवणं उचललं. मंगळवारी उजवा हात, बुधवारी डावा. मी त्याला सांगितलं की एक हात ठरव बाबा. कुमुदबाई बाजूलाच होत्या.

"हा हात असा का करतो?"

"अण्णांचं दाखवतोय," मी म्हटलं.

"अनंताच्या हाताला मुंग्या येत नाहीत."

"काकू, प्रेक्षकांना कळायला हवं ना," विश्वेश अजिजीने म्हणाला.

"काय कळायला हवं?"

त्याने सबनीसांकडे बघितलं. सबनीस चष्मा पुसायला लागले.

पटकथेत सत्तरावं दृश्य होतं. आई जाते आणि नायक भिंतीवर डोकं आपटतो, डबे फेकतो, बियांचा पाऊस पडतो. सबनीसांचा सगळा जीव त्या दृश्यात. बाराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ते कुमुदबाईंना वाचून दाखवलं.

"असं झालं नाही," बाई म्हणाल्या.

"मग काय झालं?"

"आईला नेलं. हा दुसऱ्या दिवशी सातला सड्यावर गेला. सहाला आला."

"आणि?"

"जेवला."

"रडला नाही? ओरडला नाही? आयुष्यात एकदाही नाही?"

"लहानपणी ओरडायचा. त्यात बघण्यासारखं काय आहे?"

सबनीस हसले आणि वरणभात कालवत बसले. पण विश्वेशला जेवण गेलं नाही. "सर, मी कशावरून करू?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मी बघितलंच नाहीये. माझं सगळं खोटं वाटणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी सबनीस माझ्या टेबलाशी आले. चष्मा हातातच होता.

"उज्ज्वला, तुझ्याकडून आज एक चूक व्हायला हवी."

मला लगेच कळलं. कळलं नाही असं दाखवायला मी थोडा वेळ घेतला.

"लहानशी. विश्वेशला एकदा खरं बघायला मिळू दे. स्वयंपाकघराच्या जाळीतून कॅमेरा लावू, वापरायचं नाही, फक्त अभ्यासाला. पाच मिनिटांत तू जाऊन दुरुस्त कर. सॉरी म्हण."

"पाच मिनिटांचा प्रश्न नाही. ते फोटो मागतील. मागितला की मिटलं सगळं. फोटो त्यांच्या बाजूने असतो."

हे मी त्यांना अडवायला सांगितलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत होते. सबनीस माझ्याकडे बघत राहिले.

"मग फोटोही तसा असू दे," ते म्हणाले.

मी नाही म्हणू शकले असते. नोकरी गेली नसती. अर्ध्या सिनेमात कंटिन्यूटीवाली बदलायला कोणी धजत नाही. पण बारा दिवस मी त्या माणसाचं सगळं टिपलं होतं, आणि एक रकाना कोरा होता. चूक झाली तर काय होतं? मलाही बघायचं होतं.

तीन वाजता कुमुदबाईंना आमची कपडेपटाची मुलगी देवरुखच्या बाजारात घेऊन गेली. त्यांच्या भूमिकेसाठी साड्या निवडायला तुम्हीच हव्यात, असं सांगून. बाई खुशीत गेल्या. वेणीत अबोलीचा गजरा होता.

मग मी खोली लावली. सगळं जिथल्या तिथे. शेवटी तिसऱ्या गड्डीवरचा दगड पाचवीवर ठेवला आणि पाचवीवरचा तिसरीवर.

"एवढंच?" सबनीस म्हणाले.

"एवढं पुरे."

फोटो काढायचा तर सकाळचा उजेड हवा. आमच्या लोकांना त्यात काय. लाईटच्या दादांनी पूर्वेच्या खिडकीबाहेर दिवा उभा केला, त्यावर पिवळसर कागद लावला, पश्चिमेची दारं काळ्या कापडाने बंद केली. पाऊण तासात दुपारी चार वाजता त्या खोलीत सकाळ झाली. ऊन फरशीवर जिथे पडायचं तिथेच पडलं. माझ्याकडे मोजमाप होतं. कॅमेऱ्याचं घड्याळ मी मागे नेलं. फोटो छापून आला तेव्हा कोपऱ्यात सात दहा होतं. खरा फोटो फाईलमधून काढून मी पर्समध्ये ठेवला.

सहाला अण्णा आले. पाय धुतले. खोली तपासली नाही. सड्यावरून आणलेली जुडी खाटेवर ठेवली, तिसऱ्या गड्डीसमोर उकिडवे बसले आणि दगडाला हात घातला.

हात तिथेच राहिला.

जाळीमागे विश्वेश उभा होता, मी त्याच्या शेजारी. चार मिनिटं काही झालं नाही. मग अण्णा उठून पडवीत आले. मी पळत मागच्या दाराने जाऊन माझ्या खुर्चीवर बसले.

"फोटोबाई, तिसऱ्यावर पाचव्याचा दगड आहे."

"नाही अण्णा. सकाळी असाच होता."

"पाचव्याचा तिसऱ्यावर आहे."

"असाच होता."

"फोटो," ते म्हणाले.

मी फाईल पुढे केली. माझे हात बघण्यासारखे होते. अजिबात हलले नाहीत. अण्णांनी फोटो कडांना धरला. आत जाऊन दगडाजवळ बसले, फोटो बघितला, दगड बघितला, दगडाखालून बोट फिरवलं. पुन्हा फोटो. अकरा मिनिटं. सबनीस माझ्या कानाशी येऊन पुटपुटत होते, "आता बघ. आता."

अण्णा बाहेर आले. फोटो फाईलमध्ये त्याच्या जागी लावला.

"बरं," म्हणाले.

आत जाऊन त्यांनी तिसरी गड्डी सोडली. एकेक कागद उलगडून गवताची काडी हातात घ्यायची, बघायची, बाजूला ठेवायची. मग चौथी गड्डी. मग पाचवी. मग डबे. सावकाश, काही न आदळता. हळूहळू खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

"यात काहीच नाहीये," आम्ही पुन्हा जाळीमागे आलो तेव्हा सबनीस म्हणाले. "कट करा."

"सर, रडलेसुद्धा नाहीत," विश्वेश म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मी दुरुस्त करून येते," मी म्हटलं.

"आता कशाला? फोटो खोटा होता म्हणून सांगणार? हे घर उद्या सकाळी रिकामं करावं लागेल आपल्याला. नऊ दिवसांचं काम बाकी आहे." या वेळी चष्मा त्यांनी पुसला नाही. खरंच बोलत होते.

मी गेले नाही. कुमुदबाई बाजारातून आल्या, दारातून खोली पाहिली आणि हातातली पिशवी खाली ठेवली. "काय झालं?" त्यांनी मला विचारलं.

"माहीत नाही बाई. आल्यापासून उलगडतायत."

"खोली होती तशी होती?"

"फोटो आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सातला पोचलो तेव्हा कुमुदबाई अंगणात उभ्या होत्या. अण्णा सहाच्या आधीच निघून गेले होते. पिशवी खुंटीवर होती, काठी दाराशी, आणि चपला उंबऱ्याखाली.

"अनवाणी तो कधी जात नाही," बाई म्हणाल्या. "तू चल माझ्याबरोबर."

ऑक्टोबरातला सडा. गवत छातीपर्यंत वाढून पिवळं पडलेलं, वारा नाही. त्या गवतात जागोजाग जुन्या चिरेखाणी आहेत. दगड काढून सोडलेले चौकोनी खड्डे, दोन पुरुष खोल, पावसाच्या हिरव्या पाण्याने भरलेले. काठ गवताने झाकलेले असतात, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. बाई प्रत्येक खाणीशी थांबायच्या, पाण्याकडे बघायच्या आणि पुढे चालायच्या. हाक मारत नव्हत्या.

"हाक मारू का?" मी विचारलं.

"तो ओ देत नाही. डोळ्यांनी शोध."

पहिल्या खाणीत काही नव्हतं. दुसरीत एक प्लास्टिकची बाटली. तिसरीशी जाताना माझ्या पायाखालचा काठ सुटला आणि ढेकूळ पाण्यात पडलं. त्या आवाजाने बाईंनी माझा दंड धरला तो सोडला नाही.

"काल काय झालं?" त्या म्हणाल्या.

मी सांगितलं नाही. म्हटलं, आधी ते सापडू देत.

पाचव्या खाणीच्या काठावर ते बसले होते. पाय पाण्याच्या बाजूला सोडलेले, पाऊलभर अंतर. तळव्यांना रक्त. मांडीवर गवताची एकच काडी. आम्ही जवळ गेलो तसे ते म्हणाले,

"ताई, ही हरळी आहे ना?"

हरळी. अंगणात उगवते, गणपतीला वाहतात, गावातलं शेंबडं पोर ओळखतं. कुमुदबाई तिथेच खाली बसल्या. बासष्ट वर्षांत भावाने त्यांना एकाही गवताचं नाव विचारलं नव्हतं.

"हो रे अनंता. हरळीच."

"नक्की?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग मी सांगितलं. दगड, दिवा, घड्याळ, जाळी. सांगायला फार वेळ लागला नाही. मी पर्समधून खरा फोटो काढला. कालचा खोटाही येताना फाईलमधून घेतला होता. दोन्ही अण्णांच्या पुढे धरले.

त्यांनी ते दगडावर शेजारी शेजारी ठेवले.

"दोन आहेत," म्हणाले.

"हा खरा, अण्णा. तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं. तो खोटा आहे."

"दोन्हीत सात दहा आहे."

"मी घड्याळ मागे नेलं होतं."

"सकाळचं ऊन आहे."

"ते ऊन नाही. दिवा होता. आम्ही बाहेर दिवा लावला होता."

अण्णा बराच वेळ त्या फोटोतल्या उन्हाकडे बघत राहिले. मग मान वर करून त्यांनी सडा पाहिला. आमच्यासमोर कोसभर पिवळं गवत सकाळच्या उन्हात उभं होतं.

"आणि हे?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. हे खरं आहे म्हटलं. कुमुदबाई त्यांना हाताला धरून उठवत होत्या, तरी मी म्हणतच होते.

बाईंनी शूटिंग थांबवलं नाही. "सही केली आहे मी," एवढंच सबनीसांना सांगितलं. सोळाव्या दिवशी सत्तरावं दृश्य झालं. विश्वेशने भिंतीवर डोकं आपटलं, सहा वेळा, आणि प्रत्येक टेकला पहिल्यांदा उजवा हात कानाशी नेला. माझ्यामुळे त्यात कुठे चूक सापडणार नाही. पुढे थिएटरात त्याच जागी लोक डोळे पुसत होते. ते मी पाहिलं आहे, मागच्या रांगेतून.

उरलेले दिवस अण्णा सातला सड्यावर गेले नाहीत. पडवीत बसून असत. पुण्याच्या प्राध्यापकांकडून ओळखीसाठी गवताचं पाकीट आलं, ते त्यांनी उघडून पाहिलं आणि बंद केलं. "सांगता येणार नाही," म्हणाले.

निघायच्या दिवशी सामान ट्रकमध्ये चढत होतं. कुमुदबाईंनी मला आत बोलावलं. त्या दिवसापासून त्या मला 'तुम्ही' म्हणत होत्या.

"तो रात्री उठून मला विचारतो. कोणता दगड कुठे होता. मी सांगते, पण मी त्या दिवशी घरात नव्हते, ते त्याला माहीत आहे. मी किती दिवस पुरणार. तुम्ही लिहून द्या. तुमच्या अक्षरात, सही करून. कुणाला तरी दाखवता येईल असं काही असू दे माझ्यामागे."

मी लिहिलं. वहीचं पान फाडून, सरळ अक्षरात. पाचव्या गड्डीचा दगड पाचवीवरच होता, अनंत शेटे यांना बरोबर आठवत होतं, मी खोटं बोलले. खाली सही, तारीख, वेळ.

बाईंनी तो कागद अण्णांना नेऊन दिला. मी दारात उभी होते. त्यांनी कडांना धरून तो वाचला, पुन्हा वाचला. मग उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली. खिडकीजवळ नेऊन उजेडात धरला. आणि मग माझ्याकडे वळून, जराही न चिडता, हात पुढे केला.

"याचा दुसरा कुठे आहे?" म्हणाले.